बाप्तिस्म्याची तारीख आणि नंतरची वाट

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती लेखकांची नोंद करण्याची एक ठरीव रीत आहे. जन्म, शिक्षण, अमुक साली बाप्तिस्मा, त्यानंतर ग्रंथरचना. बाबा पदमनजी, बाप्तिस्मा १८५४. पंडिता रमाबाई, १८८३. नारायण वामन टिळक, १८९५. लक्ष्मीबाई टिळक, १९००. या तारखांत काही चूक नाही. पण त्यांच्याभोवती चरित्र गुंफले की एक समज नकळत रुजतो : त्या दिवशी एक माणूस पाण्यापाशी गेला आणि दुसराच माणूस परतला. समाजाच्या दृष्टीने हे बऱ्याच अंशी खरेच होते. पंगत तुटली, माहेर तुटले, कित्येकांच्या बाबतीत हयात असतानाच घरच्यांनी नावाने पाणी सोडले. ज्याला आपण धर्मांतर म्हणतो ती घटना सार्वजनिक असते. तिला दिवस असतो, साक्षीदार असतात आणि वर्तमानपत्रांतून तिच्यावर वादही होतात.

मात्र या चौघांचे स्वतःचे लेखन वाचू लागले की ही तारीख जागेवरून हलू लागते. कुणाच्या बाबतीत मन आधीच पालटलेले असते आणि बाप्तिस्मा त्याच्या मागून येतो. कुणाच्या बाबतीत बाप्तिस्मा होतो आणि ज्याची आस धरली होती ते पुढे आठ वर्षे हाती लागत नाही. ख्रिस्ती परंपरेत या दुसऱ्या, आतल्या गोष्टीला वेगळे शब्द आहेत, आणि मराठीच्या अभ्यासकाने त्या शब्दांपाशी थोडे थांबावे असे मला वाटते.

नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये 'मेटानोइया' हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ मन पालटणे, विचाराची दिशाच फिरणे. मराठी बायबलात त्यासाठी 'पश्चात्ताप' हा शब्द रूढ झाला. 'पश्चात्तापा'त ताप आहे, मागे वळून पाहणे आहे. पण पुढे वळणे नाही. संतांच्या परिभाषेतला 'अनुताप' कदाचित अधिक जवळचा, कारण तो साधकाला पुढच्या वाटेवर ढकलतो. तरी त्यातही ताप आहेच. दुसरा शब्द 'रूपांतर'. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात मनाच्या नवेपणाने बदलून जाण्याविषयी जे सांगितले आहे तिथे मराठी बायबलात 'रूपांतर' येते, आणि डोंगरावर शिष्यांदेखत येशूचे रूप पालटले त्या प्रसंगालाही मराठीत 'येशूचे रूपांतर' असेच म्हणतात. मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. आपण साहित्याचे लोक 'रूपांतर' म्हटले की शेक्सपिअरची मराठी नाटके आठवणारे. पण त्या उपयोगातही एक मर्म आहे. रूपांतरात मूळ संहिता नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या अंगाने उभी राहते. तिसरी कल्पना नव्या जन्माची, योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायातली. निकदेमाला तिथे प्रश्न पडतो की म्हातारा झालेला माणूस पुन्हा कसा जन्मेल. एकोणिसाव्या शतकातल्या ब्राह्मण वाचकापुढे ही कल्पना आली तेव्हा ती कोऱ्या पाटीवर आली नव्हती. तो जन्मानेच 'द्विज' होता, मुंजीत त्याचा दुसरा जन्म झालेला होता, आणि तो कोणत्या जातीत घडू शकतो हेही ठरलेले होते. तेव्हा आणखी एक जन्म मागणे म्हणजे आधीचा दुसरा जन्म अपुरा होता असे कबूल करणे. रमाबाईंपुढे तर पेच याहून वेगळा होता, कारण स्त्रीला तो दुसरा जन्म मुळात देऊ केलेलाच नव्हता.

बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र या दृष्टीने सर्वांत सरळ. ग्रंथनामातच रचना सांगितलेली आहे : आधी रात्र, मग उजाडणे. बेळगावच्या कासार घराण्यातला एक धार्मिक मुलगा, मिशनरी शाळांतले शिक्षण, मुंबईत परमहंस मंडळीचा गुप्त सहवास, शंका, पुन्हा शंका आणि शेवटी बाप्तिस्मा. प्रॉटेस्टंट पंथीयांत अशा आत्मनिवेदनाचा एक साचा फार पूर्वीपासून रुळलेला होता आणि बाबांनी तो मराठीत प्रथम समर्थपणे वापरला. साचा म्हटले म्हणून त्यातले दुःख खोटे ठरत नाही. जातीबाहेर जाण्याची धास्ती आणि आपल्याला जे पटले आहे ते लपवून जगण्याची लाज, या दोहोंमधली त्यांची ओढाताण आजही वाचवते. पण सूर्योदय झाला की त्या साच्याचे काम संपते. नंतरची दुपार कशी होती, हे 'अरुणोदय' फारसे सांगत नाही. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारा हा माणूस आयुष्यभर लिहीत राहिला, मंडळीचा पाळक झाला, नियतकालिके चालवली. त्याच्या आतल्या वाटचालीची गोष्ट मात्र तारखेपाशी थांबते.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे, ख्रिस्ती झाल्यावरचे नेहेम्या गोरे. काशीतला हा चित्पावन पंडित मिशनऱ्यांचे खंडन करायला निघाला आणि १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाला. षड्दर्शनांचे खंडन करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. परंतु शंका या माणसाचा हात कधी सोडून गेली नाही. एका ख्रिस्ती संन्यस्त संघात नवदीक्षित म्हणून राहिले, अखेरची व्रते मात्र घेतली नाहीत. १८९५ साली वारले तोवर जणू दारातच उभे होते. मला हे अपयश वाटत नाही. पूर्वपक्ष पुरता ऐकल्याशिवाय उत्तरपक्ष मांडायचा नाही, ही शास्त्र्याची सवय त्यांनी स्वतःच्या श्रद्धेलाही लावली, इतकेच. रमाबाईंच्या निर्णयामागे गोऱ्यांच्या युक्तिवादाचा मोठा वाटा होता हे रमाबाईंनीच नमूद केले आहे. म्हणजे ज्याचे स्वतःचे समाधान पूर्ण झाले नाही, त्याच्या शब्दाने दुसऱ्याची वाट मोकळी झाली.

आता रमाबाई. त्यांच्याविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बाप्तिस्मा आणि रूपांतर यांतले अंतर त्यांनी स्वतः, वर्षे मोजून, सांगितलेले आहे.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला आईने संस्कृत शिकवले आणि सारे कुटुंब पुराणे सांगत देशभर फिरले. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली भावासह कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लग्न, मुलगी मनोरमा, लगेचच वैधव्य. १८८२ साली पुणे, आर्य महिला समाज. १८८३ साली इंग्लंड. आसामात सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत लूकचे शुभवर्तमान बंगालीत हाती लागले होते, तेव्हापासून कुतूहल होते. पण ज्या अनुभवाने त्या हलल्या तो ग्रंथातला नव्हता. वाँटेजच्या भगिनींनी लंडनमध्ये फुलम येथे 'पतित' स्त्रियांसाठी चालवलेले घर त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या बायकांची सेवा दुसऱ्या बायका करत आहेत, आणि ती करण्याचे कारण विचारले असता त्या योहानाच्या चौथ्या अध्यायातल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगत आहेत. धर्मशास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीला तेव्हा जाणवले की आपल्या वाचनातल्या कोणत्याही शास्त्रात अशा स्त्रीसाठी ही करुणा नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपली पाठ्यपुस्तके बहुधा इथे थांबतात किंवा इथून थेट 'शारदा सदन'वर उडी घेतात. मधली वर्षे समजून घ्यायची तर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांचा पत्रव्यवहार वाचावा लागतो. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. त्यात नवख्रिस्ती शिष्येची नम्रता शोधायला जाल तर निराशा होईल. रमाबाई त्र्यैक्याच्या सिद्धांतावर वाद घालतात. चर्चचा अधिकार हे सत्याचे प्रमाण मानायला नकार देतात. शाकाहार सोडत नाहीत. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असे विचारतात. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर बिशपांनी हरकत घेतली तेव्हा त्यांचा संताप पत्रांत लपलेला नाही. जेराल्डिनबाईंना हा सारा गर्व वाटला. आजच्या वाचकाला ते स्वातंत्र्य वाटते. दोन्हींत तथ्य असावे, पण तिसरीही एक गोष्ट आहे. प्रत्येक सिद्धांत स्वतः तपासून घेणाऱ्या या बाईला धर्म बुद्धीने पटला होता आणि नीतीने भावला होता; अजून काहीतरी राहून गेले होते, आणि त्याला त्यांच्याजवळ अद्याप नाव नव्हते.

ते नाव त्यांना साधारण १८९१ च्या सुमारास सापडले, तेही एका विचित्र पुस्तकातून. विल्यम हॅस्लम हा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातला धर्मोपदेशक. तो रीतसर दीक्षित होता, चर्चे बांधत होता, उपदेश करत होता. आणि १८५१ साली एके रविवारी स्वतःच्याच व्याख्यानाच्या मध्यात त्याला उमगले की आपण जे सांगत आहोत ते आपल्याला झालेलेच नाही. श्रोत्यांतून कुणीतरी ओरडले की धर्मगुरूचेच परिवर्तन झाले! ही हकिकत वाचून रमाबाई थबकल्या. ख्रिस्ती धर्माचा उपदेशकच ख्रिस्तावाचून राहू शकतो, तर आपले काय? १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या छोट्याशा 'साक्षी'त त्यांनी आपल्या स्थितीचे निदान केले आहे, ते अत्यंत नेमके आहे : मला धर्म मिळाला होता, ज्याचा तो धर्म तो मिळाला नव्हता, अशा आशयाचे. बाप्तिस्म्यानंतरच्या आठ वर्षांविषयीची ही कबुली आहे. ती त्यांनी टाळली असती तर कुणाच्या लक्षातही आले नसते. उलट टीकाकारांच्या हाती कोलीत न देण्याचा शहाणपणा म्हणून ती टाळणेच सोयीचे होते.

आणि कोलीत मिळालेच. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले 'शारदा सदन' पुढच्या वर्षी पुण्यास आले होते. तिथे धर्मप्रचार होणार नाही असे आश्वासन होते, सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. ते आश्वासन दिले तेव्हाच्या रमाबाई आणि १८९१ नंतरच्या रमाबाई यांच्यात फरक पडला होता, हे वादाचे वर्णन करताना क्वचितच कुणी ध्यानात घेते. त्या पहाटे प्रार्थनेला बसत. मुली येऊन जवळ बसू लागल्या. त्यांनी दार लावून घेतले नाही. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले, 'केसरी'ने तोफ डागली. आश्वासनभंग झाला का? पालकांच्या बाजूने पाहिले तर होय असेच उत्तर द्यावे लागते, आणि रानड्यांसारखा माणूस उगाच बाजूला होत नाही. पण ज्या स्त्रीला आठ वर्षांनी आत काही गवसले तिने ते दाराआड करावे, ही अपेक्षाही साधी नव्हती. आतला बदल हा ज्याचा त्याचा खाजगी मामला असतो, असे आपण सहजपणे म्हणतो. तो खाजगी राहू शकत नाही, तिथेच त्याची पंचाईत सुरू होते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे : १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली, केडगावचे 'मुक्ती'. जे कमी सांगितले जाते ते म्हणजे जून १९०५ मधले तिथले धर्मजागरण. वेल्समध्ये १९०४ मध्ये आणि पाठोपाठ खासी टेकड्यांत असे जागरण झाल्याची वार्ता आली होती. केडगावच्या मुली आणि बाया महिनोन् महिने प्रार्थना करत होत्या. मग एकेक मुलगी रडू लागली, आक्रोश करत आपली पापे सांगू लागली, रात्ररात्र मोठ्याने प्रार्थना चालल्या. कित्येक मिशनऱ्यांनाही हा गलका रुचला नाही. आपल्या सुधारणावादी इतिहासलेखनाला तर हा प्रसंग अडचणीचाच वाटतो; 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री'विषयी अमेरिकेत ग्रंथ लिहिणाऱ्या विचारवंत रमाबाई आणि रडणाऱ्या मुलींमध्ये गुडघे टेकून बसलेल्या रमाबाई एका चौकटीत बसत नाहीत. मला वाटते की त्या बसतात. दुष्काळात रस्त्याकडेला सापडलेल्या मुलीला आपलेही मन आहे, त्यात काही घडू शकते, आणि ते ओरडून सांगण्याचा हक्क आपल्याला आहे, हे केडगावात प्रथम कळले असेल. पांडित्याच्या सभेत मान मिळवलेल्या बाईने त्या आवाजाला गप्प केले नाही.

याचा पुरावा भाषेत आहे, आणि हा पुरावा आपल्या विषयाच्या माणसांनी पाहण्याजोगा आहे. आयुष्याची अखेरची बरीच वर्षे रमाबाई बायबलाचे मराठी भाषांतर करत होत्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई केडगावच्याच छापखान्यात, मुलींच्या हातून. उपलब्ध भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर आणि सामान्य बाईच्या डोक्यावरून जाणारे वाटत होते, शिवाय त्यातल्या अनेक शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा वास लागलेला आहे अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी मुद्दाम साधे, कुणब्याच्या बाईलाही उमजेल असे मराठी पत्करले. १९२१ साली मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. वाङ्मय म्हणून ते फार रसाळ आहे असे म्हणवत नाही. मुळाला घट्ट धरून राहण्याच्या हट्टापायी वाक्ये अवघडतात. पण ज्यांना कलकत्त्याने 'सरस्वती' म्हटले त्यांनी संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला काढावेत, हा त्याग लहान नव्हे. दागिने उतरवण्यापेक्षा तो कठीण होता असे मला वाटते.

रेव्हरंड टिळकांची वाट भाषेच्या बाबतीत नेमकी उलट दिशेला जाते, आणि म्हणून या दोघांना एकत्र वाचायला हवे.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. कवी, संस्कृताचे चांगले जाणकार, एका ठिकाणी न ठरणारे, आणि नवा धर्मच स्थापन करण्याचे मनसुबे रचणारे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. गिरिप्रवचनापर्यंत पोचल्यावर ते पुस्तक टिळकांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. इथवरची कथा 'अरुणोदया'च्या साच्यात बसते. त्यानंतर ती बसत नाही. अहमदनगरला ते अमेरिकन मिशनच्या कामात होते, धर्मशिक्षण देत होते, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा घेतली, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले, भजने आणि अभंग रचले. बालकवींसारखा कवी त्यांच्या घरात वावरला. १९१५ साली नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ख्रिस्ती झालेला माणूस मराठी वाङ्मयाला परका राहिला नव्हता याची ती खूणच. यशस्वी म्हणावे असे आयुष्य.

या काळात टिळक हळूहळू तुकारामाकडे परतले. 'परतले' हा शब्द मी जपून वापरतो आहे. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. पूल ओलांडला की माणूस पुलाला विसरतो. टिळक विसरले नाहीत. 'अभंगांजली'त ख्रिस्ताला त्यांनी ज्या नात्यांनी हाक मारली आहे ती नाती वारकऱ्याच्या ओळखीची आहेत : माउली, गुरू, सखा. इंग्रजी चालींवर बेतलेली, अक्षरे मोजून मापून बसवलेली उपासनागीते मराठी ख्रिस्ती मंडळी तोवर गात होती. ओवी आणि अभंग यांचा त्या देवळातला प्रवेश टिळकांनी रुंद केला. हा केवळ छंदाचा बदल नव्हता. ज्या भाषेत माणूस रडतो त्याच भाषेत त्याचे मन पालटू शकते, अशी त्यामागची समजूत होती. रमाबाईंनी जुन्या शब्दांचा वास काढून टाकला, टिळकांनी तोच वास नव्या देव्हाऱ्यात दरवळू दिला. कोण बरोबर, हा प्रश्न मला फारसा फलदायी वाटत नाही. रमाबाई ज्यांच्यासाठी लिहीत होत्या त्या मुलींना संतवाणीच्या श्रीमंतीत वाटा मिळालेला नव्हता, वा ज्या धर्मव्यवस्थेने त्यांना टाकले तिच्याच शब्दांचे त्यांना भय होते. टिळकांचा श्रोता देवळाच्या पायरीवर बसलेला, टाळ हाती असलेला, येऊ की नको म्हणणारा होता.

वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना एक प्रश्न दरवर्षी येतो : टिळक ख्रिस्ती का झाले? उत्तरेही ठरलेली असतात. जातिभेदाचा वीट, मिशनची नोकरी, कवीचा लहरी स्वभाव. प्रत्येक उत्तरात काही खरे असेल. पण १९१७ या सालाबद्दल सहसा कुणी विचारत नाही. त्या वर्षी, बाप्तिस्म्याला बावीस वर्षे झाल्यावर, पंचावन्न वर्षांच्या टिळकांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. नोकरीच्या लोभाने ख्रिस्ती झाला म्हणणाऱ्यांना एवढे एक उत्तर पुरे व्हावे. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. त्याची कल्पना अशी की बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे सगळे शिष्य त्यात एकत्र यावेत.

या कल्पनेचे धाडस लक्षात घ्या. जिच्यासाठी त्यांनी घर मोडले, बायकोचा वियोग सोसला, आप्तांचा शाप घेतला, ती बाप्तिस्म्याची रेघ आता ते शिष्यत्वाची कसोटी मानायला तयार नव्हते. त्यांनी स्वतःचा बाप्तिस्मा नाकारला नाही, चर्चला शिव्या दिल्या नाहीत. परंतु मिशनच्या चौकटीतला, परक्या पोषाखातला ख्रिस्त आपल्या लोकांना दिसत नाही, आणि तो दिसायचा तर आधी आपण बदलले पाहिजे, या निष्कर्षाला ते आले. दुसऱ्यांना बदलायला निघालेला उपदेशक स्वतःच्या बदलाकडे वळला, हे या सालाचे महत्त्व. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. संस्था म्हणून तो फसला असे खुशाल म्हणावे.

एवढ्यावर थांबलो तर टिळकांचे चित्र संतपटासारखे होईल. ते तसे होऊ नये याची तजवीज लक्ष्मीबाईंनी करून ठेवली आहे. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त टिळकांचा राग भडकतो आणि विझतो, घरातला पैसा समोर येईल त्याच्या हाती जातो, संसाराचे भान सुटते, मग हसू येते. नवा जन्म झालेल्या माणसाचा स्वभाव जुनाच राहतो की काय, या प्रश्नाचा इतका प्रेमळ आणि इतका निर्दय तपास मराठीत दुसरा नाही. उपदेशकाची साक्ष मंडळी ऐकतात; त्याची खरी पारख घरात होते, आणि ती करणारी बाई इथे स्वतःच लेखणी घेऊन बसली आहे. त्या तपासात टिळक पूर्ण उतरतात असेही नाही. एका बाबतीत मात्र उतरतात : जी आपल्याआधी चार-साडेचार वर्षे दूर राहिली, त्या पत्नीवर त्यांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा पालट तर कोणत्याच साच्यात बसत नाही. त्यात गिरिप्रवचन नाही, वाद नाही, गोऱ्या माणसाचे भाकीत नाही. सोवळेओवळे हाडीमाशी खिळलेल्या सासऱ्याच्या आणि वडिलांच्या घरांत वाढलेली ही बाई, नवरा बाटला म्हणून पंढरपुरासारख्या ठिकाणी दिवस काढलेली. आणि एके दिवशी तिला उलगडते की देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या. बस्स. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे तिला चालू लागले. बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० साली. पाप, तारण, प्रायश्चित्त या परिभाषेतून पाहणाऱ्या धर्मपंडिताला हा बदल अर्धवट वाटेल. मला तो या चौघांत सर्वांत पुरता वाटतो, कारण तो पाण्याच्या एका भांड्यापाशी, स्वयंपाकघरात घडतो आणि परत फिरत नाही.

टिळकांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभले होते. ख्रिस्तचरित्राच्या सुरुवातीचे जेमतेम अकरा-बारा अध्याय लिहून ते गेले. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हते. जोडाक्षरांशी त्यांचे भांडण 'स्मृतिचित्रां'च्या वाचकांना ठाऊक आहे. नवरा गेल्यानंतर त्यांनी ते काव्य हाती घेतले आणि पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. दोघांचे मिळून 'ख्रिस्तायन' १९३८ साली पुस्तकरूपाने आले.